गुरुजींची झोप

विरुपाक्ष गुरुजींच्या आवाजात काहीतरी आहे, हे गावाला कळायच्या आधी त्यांच्या वर्गातल्या पोरांना कळलं होतं. दुपारच्या तासाला ते भूगोल वाचायला लागले की मागच्या दोन रांगा माना टाकायच्या. गुरुजींना त्याची लाज वाटे. बावीस वर्षं नोकरी झाली, पण आपण शिकवलेलं कुणाच्या डोक्यात शिरलंय असं त्यांना कधी वाटलं नाही. हेडमास्तर चेष्टेनं म्हणायचे, की गुरुजी, तुमच्या तासाला मीसुद्धा येऊन बसेन म्हणतो, हल्ली मला झोप येत नाही. गुरुजी हसून घ्यायचे आणि घरी जाऊन पुस्तकात तोंड खुपसायचे.

अशातच त्यांनी पुण्याहून व्ही. पी. टपालानं संमोहनावरचं एक पुस्तक मागवलं. बोलण्यानं माणसाला गुंगी आणता येते, आणि त्या गुंगीत सांगितलेलं त्याचं शरीर ऐकतं, असं त्यात लिहिलं होतं. गुरुजींनी ते सात वेळा वाचलं. ज्या गोष्टीची आयुष्यभर लाज वाटली तिला शास्त्रात नाव आहे, हे वाचून त्यांना रात्रभर कसंतरीच होत राहिलं.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी, या आवाजाला काम मिळालं. नळदुर्गपासून चार कोसांवर तेलबी उत्पादकांच्या सहकारी संघानं दहा खाटांचा दवाखाना काढला होता. करडई, भुईमूग काहीच पिकलं नव्हतं, म्हणून संघाची तेलगिरणी बंद होती आणि तिच्या शेडमध्ये चारा डेपो उघडला होता. दवाखाना मात्र चालू होता. दुष्काळी कामावरचे लोक तिथं यायचे, कुणी घण बोटावर मारून घेतलेला, कुणी दगड उचलताना कंबर धरलेला. डॉक्टर हंचाटे सोलापूरचे, वय तिशीचं, हात चांगला. पण भूल देणारा डॉक्टर इतक्या आडगावी यायला तयार नव्हता. त्यामुळं पोट उघडायचं काम आलं की रोग्याला सोलापूरला पाठवावं लागे, आणि दोघांतला एक जण जायच्या ऐवजी घरीच परत जाई.

हंचाट्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं, की जागेवर सुई देऊन तेवढाच भाग बधिर करायचा आणि जोडीला संमोहन वापरायचं, म्हणजे मोठी शस्त्रक्रियाही निभावते. त्यांना कुणीतरी गुरुजींचं नाव सांगितलं. डॉक्टर स्वतः मोटारसायकलवर शाळेत आले. गुरुजींच्या आयुष्यात त्यांना भेटायला म्हणून कुणी मोटारसायकलवर आलेलं नव्हतं.

पहिली रोगी बानूबाई. खडी फोडताना तिच्या बोटाला लागून पू झाला होता. गुरुजी तिच्या उशाशी बसून बोलत राहिले. थोड्या वेळानं तिच्या पापण्या थरथरल्या, उजवा हात आपोआप खाटेवरून वर आला आणि वाऱ्यावर पान तरंगावं तसा तिथंच राहिला. डॉक्टरांनी सुई देऊन बोट चिरलं. बानूबाई हसत होती. नंतर तिनं सांगितलं, की ती माहेरच्या आंब्याखाली बसली होती आणि कुणीतरी तिच्या बोटाला गुदगुल्या करत होतं. गुरुजी घरी गेले आणि जेवलेच नाहीत. ते खरं होतं. पुस्तकात लिहिलेलं त्यांच्या तोंडून खरं झालं होतं.

मग आणखी सात-आठ जण झाले. लोक त्याला गुरुजींची झोप म्हणायला लागले. चेअरमन बब्रुवानराव एकदा भर बैठकीत म्हणाले, की आमच्या संघाकडं बियाणं नसंल, पण गुरुजी हायत. सगळे हसले. गुरुजी मान खाली घालून बसले, पण ते वाक्य त्यांनी घरी नेलं आणि पुष्कळ दिवस जपून ठेवलं.

लिंबाजी आला तो त्याच सुमाराला. हा धनगर, वय पन्नाशीच्या आसपास. त्याची साठ-सत्तर मेंढरं चारा-पाण्यावाचून गेली होती, आणि तो नि त्याची बायको सिताबाई पाझर तलावाच्या कामावर दगड वाहत होती. जन्मात ओझं न उचललेल्या माणसानं दगड उचलले आणि दोन्ही जांघांत अंतर्गळ, म्हणजे हर्निया, उतरला. लिंबूएवढ्या दोन गाठी घेऊन तो फेंगडा चालत दवाखान्यात आला. चारा डेपोवर राखणदार हवा होता. चेअरमननी त्याला शब्द दिला, की दोन्ही बाजू दुरुस्त करून घे, धडधाकट होऊन ये, जागा तुझी. त्याला आता दुसरं कसलंही काम होण्यासारखं नव्हतं.

आधी उजवी बाजू करायची ठरली. गुरुजी उशाशी बसले. ते बोलले, की लिंबाजी, डोळे जड झालेत. माळावर गार वारा सुटलाय. मेंढरं चरताहेत. तुझा हात हलका झालाय, आपोआप वर येतोय.

लिंबाजीचा हात वर आला. जरा लवकरच आला, वर्गात प्रश्न विचारल्यावर पहिल्या बाकावरच्या पोराचा यावा तसा. गुरुजींच्या मनात काहीतरी खुपलं. पण डॉक्टर सुई भरून उभे होते, आणि हात तर वर आला होता.

सव्वा तास लागला. लिंबाजीनं हूं की चूं केलं नाही. कपाळावर घाम आला तो गुरुजींनी पुसला. शेवटचा टाका घातल्यावर डॉक्टरांनी हातमोजे काढले आणि म्हणाले, "गुरुजी, असा रोगी लाखात एक." लिंबाजीला विचारलं तर तो म्हणाला, काय बी दुखलं न्हाय.

सहा दिवसांनी, टाके काढायच्या आदल्या दिवशी, पिराजीनं गुरुजींना औषधाच्या खोलीत बोलावलं. पिराजी हा दवाखान्यातला कंपाउंडर. बौद्धवाड्यातला, मॅट्रिक झालेला, एकेकाळी गुरुजींचाच विद्यार्थी, आणि त्यांच्या तासाला कधीही न झोपलेला. तो दार लोटून म्हणाला, की गुरुजी, तुम्ही डोक्याशी बसता. मी पायाशी असतो.

गुरुजींना कळेना.

"लिंबाजीचे पाय मी धरले हुते," पिराजी म्हणाला. "पायाची बोटं बघितली म्या. डॉक्टरनं कापलं तवा अशी आत वळली ती टाके पडंपर्यंत सुटली न्हाईत. झोपलेल्या माणसाची बोटं वळत्यात का?"

गुरुजी म्हणाले, की सुई दिली होती ना.

पिराजीनं कपाटातली बधिर करायच्या औषधाची बाटली काढून त्यांच्या हातावर ठेवली. डॉक्टरांच्या सांगण्यावरून तोच सुई भरत होता. बानूबाईच्या वेळी पूर्ण भरली. पुढं दर रोग्याला थोडी कमी. लिंबाजीच्या वेळी निम्मं औषध नि निम्मं मिठाचं पाणी. डॉक्टरांची एक वही होती. तिच्यात कुणाला किती औषध दिलं आणि तो किती शांत राहिला ते लिहिलेलं होतं. पुढं ते कुठंतरी वाचून दाखवायचं होतं. लिंबाजीची डावी बाजू पुढच्या आठवड्यात सोलापूरच्या चार डॉक्टरांसमोर करायची ठरली होती, आणि तेव्हा पाव भागच औषध भरायचं, असं पिराजीला सांगून झालं होतं.

"मी बोललो तर उद्याच घरी बसवतील," पिराजी म्हणाला. "तुमी बोला. तुमचं ऐकतील."

गुरुजी तसेच लिंबाजीच्या खाटेशी गेले. सिताबाई तलावाच्या कामावर गेली होती. लिंबाजी भिंतीला टेकून बसला होता. गुरुजींना बघून तो उठायला लागला, त्याला त्यांनी बसवलं. मग बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, की खरं सांग, त्या दिवशी दुखलं का.

लिंबाजीनं आधी दाराकडं बघितलं. मग म्हणाला, "लई दुखलं, गुरुजी."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी कानापाशी बसून एकच बोलत हुता, दुखत न्हाय, दुखत न्हाय. शिकलेला मानूस तासभर उगा बोलंल का? म्हनलं, आपलंच कायतर चुकायलंय. समद्यास्नी झोप लागती, मलाच लागंना. आन चार लोकात तुमचा शब्द खोटा कसा पाडायचा?"

गुरुजी खाटेच्या कडेला बसले. त्यांनी विचारलं, की मग सोसलंस कसं.

लिंबाजी म्हणाला, की तुम्ही म्हणालात मेंढरं चरायलीत. मला ठावं होतं ती मेली. पर म्हटलं, गुरुजी म्हणत्यात तर चरू दे. मग एकेक मेंढरू डोळ्यापुढं आणलं. कुणाचा कान कसा कातरलेला, कुणाच्या पायाला काय झालेलं, कोण कुठल्या माळावर मेलं. समदी संपली तरी डॉक्टर शिवतच होते, मग पुन्हा पहिल्यापासनं धरली. हे त्यानं तक्रार म्हणून सांगितलं नाही. पुन्हा तसंच करावं लागंल का, एवढंच त्यानं विचारलं, आणि सिताबाईला यातलं काही सांगू नका म्हणाला. तिला त्यानं काही दुखलं नाही असंच सांगितलं होतं. नाहीतर ती दुसऱ्या बाजूला हात लावू देणार नाही आणि जागा जाईल.

गुरुजी त्या रात्री पुस्तक घेऊन बसले. त्यांना हवं होतं ते एकशे बाराव्या पानावर सापडलं. पुष्कळ रोग्यांना नंतर वाटतं, की आपण जागेच होतो, सगळं ऐकत होतो. प्रत्यक्षात ते गुंगीतच असतात. गुरुजींनी ते वाचलं आणि त्यांना हायसं वाटलं. मेंढरं एकेक डोळ्यापुढं येणं म्हणजे गुंगी नाही तर काय? मग त्यांना वळलेली बोटं आठवली. त्यांनी पान उलटलं, आणि पुन्हा मागं आले. पुस्तकाप्रमाणं रोगी दुखलं नाही म्हणाला तरी संमोहन खरं, आणि दुखलं म्हणाला तरी खरंच. मग ते खोटं कशानं ठरणार होतं? हा प्रश्न त्यांना पडला, पण त्यांनी तो तिथंच ठेवला.

सकाळी ते डॉक्टरांकडं गेले. रस्त्यात चार वाक्यं पाठ करून ठेवली होती, त्यातलं एक निम्मंच बोलून झालं. डॉक्टर दाढी करत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि आरशातच बघत म्हणाले, की हे तुम्हीच मला सांगितलं होतं ना, रोग्याला नंतर तसं वाटतं म्हणून?

गुरुजी म्हणाले, सांगितलं होतं.

"मग झालं की."

गुरुजींनी जोर करून विचारलं, की नाडी किती होती.

नाडी फार जोरात होती, हे डॉक्टरांनी लपवलं नाही. भीतीनं वाढते, म्हणाले. वहीत तसं लिहिलंही आहे. पाय वळतात, घाम येतो, शरीर आपलं काम करतं, मन वेगळं असतं.

"यावेळी तरी पूर्ण औषध भरा," गुरुजी म्हणाले.

हंचाट्यांनी वस्तरा पुसला. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "गुरुजी, पूर्ण औषध भरलं तर टेबलाशी तुमचं काय काम? ते काय, कुणालाही जमतं. सोलापूरचे लोक औषध बघायला येत नाहीत. तुम्हाला बघायला येतायत." मग तोंड धुताधुता ते म्हणाले, की तुम्हाला नको असेल तर तसं सांगा. मी त्यांना कळवतो, आमच्या गुरुजींना जमत नाही म्हणून. लिंबाजीला मग सोलापूरला जावं लागेल. जाईल का तो?

लिंबाजी जाणार नव्हता, हे गुरुजींना ठाऊक होतं. पण त्यांच्या मनात लिंबाजी नव्हता. जमत नाही, हा शब्द होता. बावीस वर्षं तो शब्द त्यांच्या पाठीशी शाळेच्या जिन्यावरून चढत-उतरत आला होता. ते म्हणाले, "येतो मी." आणि उठले.

डाव्या बाजूच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी दवाखान्यासाठी पाण्याचा टँकर वेगळा आणला होता. बायका घागरी घेऊन फाटकापाशी उभ्या होत्या, त्यांना शिपायानं हाकललं. सोलापूरचे चौघे डॉक्टर जीपमधून उतरले. चेअरमन बब्रुवानराव पांढरा डगला घालून, तोंडाला फडकं बांधून आत आले आणि एका कोपऱ्यात उभे राहिले. पाहुण्यांपैकी एका पिकल्या केसांच्या डॉक्टरांनी गुरुजींना हात जोडून, नमस्कार डॉक्टर, असं म्हटलं. गुरुजींनी ती चूक दुरुस्त केली नाही.

लिंबाजी टेबलावर येऊन पडला. पिराजी पायाशी उभा राहिला. त्यानं सुई भरून डॉक्टरांच्या हातात दिली, तेव्हा एकदा गुरुजींकडं बघितलं. गुरुजींनी लिंबाजीच्या कपाळावर हात ठेवला आणि बोलायला सुरुवात केली.

हात वर आला. पाहुण्यांमध्ये कुजबुज झाली. पिकल्या केसांच्या डॉक्टरांनी खात्री करायची म्हणून एक जाड सुई घेतली आणि लिंबाजीच्या अंगठ्याजवळच्या कातडीतून आरपार घातली. हात हलला नाही. त्यांनी सुई तशीच राहू दिली आणि इतरांना दाखवली. मग गुरुजींना म्हणाले, विचारा त्याला.

"लिंबाजी, दुखतंय का?"

"न्हाय."

चेअरमन कोपऱ्यातून हसले.

हंचाट्यांनी कापायला सुरुवात केली. बोलता बोलता ते पाहुण्यांना औषध किती कमी दिलंय ते सांगत होते. गुरुजी बोलत होते. माळ, गार वारा, मेंढरं. कातडी झाली, त्याखालचा थर झाला. लिंबाजीचा जबडा इतका आवळला होता, की कानशिलाखालचं हाड वर आलं होतं. त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानात ओघळत होतं. एका पाहुण्यानं ते दाखवलं, तर हंचाटे म्हणाले, डोळ्यांना दिवा लागतोय.

मग डॉक्टरांनी आत चिमटा लावून अंतर्गळाची पिशवी ओढली, आणि लिंबाजीचे ओठ हलले. गुरुजींचा कान त्याच्या तोंडापाशीच होता. इतर कुणाला ऐकू जाण्यासारखा तो आवाज नव्हता.

"गुरुजी," लिंबाजी म्हणाला, "आता मेंढरं येईनात. त्यास्नी बास करा म्हना. म्या म्हनलो असं सांगू नका. तुमीच सांगा."

गुरुजींचं बोलणं थांबलं. खोलीत एकदम शांत झालं, तेव्हा सगळ्यांना कळलं की इतका वेळ त्यांचा आवाज चालू होता. हंचाटे मान वर न करता म्हणाले, "काय म्हणतोय तो?"

चौघे पाहुणे गुरुजींकडं बघत होते. पिराजीही बघत होता. एक शब्द बोलायचा होता. पूर्ण सुई भरायला दोन मिनिटं लागली असती, बाटली बाजूच्या कपाटातच होती. गुरुजींनी तोंड उघडलं. त्यांना आपला आवाज ऐकू आला, संथ आणि गोड, वर्गातला.

"पाणी मागतोय," ते म्हणाले.

"ओठ ओले कर रे," हंचाटे पिराजीला म्हणाले.

पिराजी जागचा हलला नाही. डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं तेव्हा तो आला, ओला कापूस लिंबाजीच्या ओठांवर फिरवला आणि परत पायाशी जाऊन उभा राहिला. गुरुजी खाली वाकले. लिंबाजीनं डोळे उघडले होते. ते त्यांनी हातानं मिटवले आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "तुला काही दुखत नाही, लिंबाजी. काही म्हणजे काही दुखत नाही."

लिंबाजी पुन्हा बोलला नाही. पाऊण तास आणखी लागला. शेवटी शेवटी तो खरंच शुद्धीत नव्हता. ते गुरुजींच्या लक्षात आलं, कारण त्याचा जबडा सुटला आणि हात कडेला लोंबला. पाहुण्यांना ती गाढ अवस्था वाटली, आणि हंचाट्यांनी वहीत वेळ लिहून घेतली.

टाळ्या वाजल्या नाहीत, पण पिकल्या केसांच्या डॉक्टरांनी गुरुजींचा हात दोन्ही हातांत घेतला. दिवाळीनंतर सोलापूरला या, म्हणाले, आमच्याकडं शंभरभर डॉक्टर जमतील. गुरुजींनी विचारलं, की वार कुठला असेल, शाळेची रजा टाकावी लागेल.

ते बाहेर आले तर सिताबाई भिंतीशी बसली होती. ती उठली. त्यास्नी दुखलं का, असं तिनं विचारलं.

"नाही," गुरुजी म्हणाले.

तिनं खाली वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. गुरुजींनी तिला उठवलं नाही, तिची ती उठली. मग पदर सावरत, इकडं तिकडं बघून, तिनं ब्लाउजच्या कडेला हात लावला. छातीत एक गाठ होती, म्हणाली, वर्ष झालं. कुणाला दाखवली नव्हती. कापायच्या भ्यानं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. पण उजव्या बाजूच्या वेळी काही दुखलं नाही असं तो सांगत होता, आणि तो तिच्याशी कधी खोटं बोलला नव्हता.

"माझं बी करा," ती म्हणाली. "मला सुई नको. सुईचं लई भ्या वाटतं. तुमी नुसतं बोला."

गुरुजी तसेच वळले. मग आत गेले. हंचाटे हात धूत होते, पाहुणे चहा घेत होते. गुरुजींनी सांगितलं, की आणखी एक रोगी आहे, छातीत गाठ आहे, सुई नको म्हणते.

डॉक्टरांनी पंच्याला हात पुसले, वही उघडली आणि नाव विचारलं.

गुरुजींनी नाव सांगितलं. वय त्यांना माहीत नव्हतं. पंचेचाळीस असेल, म्हणाले.